धर्मशिक्षणासाठी घरशाळा की वेदपाठशाळा?

शाळा सोडवण्याआधी ती धर्मशिक्षणाच्या खरंच आड येते का, ते पाहा. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळेत ते दिलं जात असलं, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. घटनेचं २८वं कलम तसं सांगतं. संध्याकाळची तासभर संथा (गुरूंमागून पाठ म्हणणं), मदरशाचा किंवा जैन पाठशाळेचा वर्ग पुरत असेल तर शाळा चालू ठेवलेली बरी.

पुरत नसेल तर दोन रस्ते उरतात, घरशाळा (मुलाला घरीच शिकवणं) आणि वेदपाठशाळा, आणि कायदा दोघांना सारखं मोजत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे. २०१२च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून वगळल्या; घरशाळेला अशी सूट नाही. पालकांना दंड नाही हे खरं, पण शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले, तर दाखवायला वह्या आणि अभ्यासाची नोंद हवी.

त्र्यंबकेश्वरात किंवा नाशकात पाठशाळा बघताना पहिला प्रश्न संलग्नतेचा. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी प्रतिष्ठानाशी (केंद्र सरकारची वेदशिक्षणाची संस्था) संलग्न असेल तर ५ वर्षांचा वेदभूषण अभ्यासक्रम दहावीच्या आणि पुढचा २ वर्षांचा वेदविभूषण बारावीच्या तोडीचा. नसेल तर मुलगा घनापर्यंत (वेदपठणाच्या अवघड पद्धतीपर्यंत) पोचेलही, पण दहावीचं तुम्हालाच बघावं लागेल. दुसरा प्रश्न शाखेचा, म्हणजे घराण्यात कुठला वेद परंपरेनं म्हटला जातो त्याचा. घरची माध्यंदिन (शुक्ल यजुर्वेदाची शाखा) आणि तिथे ऋग्वेद, हे वर्षभरानं कळलं तर संथा पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक पाठशाळा मुंज झालेले मुलगेच घेतात. मुलीसाठी ही तुलना इथेच संपते.

घरी शिकवणाऱ्यांचा नेहमीचा आधार एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला ५ विषय घ्यायचे. परीक्षा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. वेदाध्ययन, संस्कृत व्याकरण, भारतीय दर्शन हे विषयही त्यात आहेत. फसगत होते ती इथेच: आवडीचे विषय भरताना गणित-विज्ञान गळतं आणि अकरावीला सायन्सचं दार बंद होतं.

राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. म्हणून शाळा सोडताना तो हातात घ्या, आणि नाव-जन्मतारीख आधारकार्डाशी तिथेच जुळवून पाहा.