गाठ तपासून देणारी आणि समजावून सांगणारी लॅब

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ तिच्या हाताला लागली तेव्हापासून माझी झोप उडाली. सोनोग्राफीत आणि सुईच्या तपासणीत साधी गाठ आली. पण ती वाढत होती, म्हणून सर्जननी काढली आणि पूर्ण गाठ तपासून घ्या म्हणून सांगितलं. ती बाटली घेऊन मी या लॅबचा जिना चढले.

काउंटरवरच्या मुलाने बाटली उजेडात धरली. "काकू, फॉर्मॅलिन कमी आहे यात." ऑपरेशन झालं तिथून इवल्याशा बाटलीत, जेमतेम बुडेल एवढ्यात गाठ दिली होती. त्याने पावती करायच्या आधी मोठी बरणी आणली आणि गाठीच्या दहापट तरी फॉर्मॅलिन ओतलं. ते आतपर्यंत मुरलं नाही तर पेशी खराब होतात आणि स्लाइड नीट वाचता येत नाही, हे मला तिथेच कळलं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: फायब्रोॲडेनोमा. 'ओमा' वाचून मी गारच पडले, कारण शेजारच्यांचा लिम्फोमा मी जवळून पाहिलाय. डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, नुसत्या 'ओमा'वरून काही ठरत नाही. फायब्रोॲडेनोमा ही स्तनातली साधी गाठ, लायपोमा ही चरबीची साधी गाठ, आणि लिम्फोमा, मेलॅनोमा हे कॅन्सर.

मग त्यांनी स्लाइड स्क्रीनवर लावली. मी वीस वर्षं शिवणकाम करते, त्यामुळे पुढचं मला चटकन समजलं. गुलाबी पसाऱ्यात जांभळ्या ठिपक्यांच्या नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीला पेशींचे दोन थर, अगदी अस्तर लावलेल्या ब्लाउजसारखे. बाहेरचा थर कुठेही तुटलेला नव्हता. गाठीची कडही स्वच्छ होती. आजूबाजूचा भाग तिने नुसता बाजूला सारला होता, त्यात घुसली नव्हती.

तुलनेसाठी त्यांनी नाव झाकलेली एक जुनी स्लाइड दाखवली, स्तनाच्या कॅन्सरची. केंद्रकं मोठी, गडद, एक दुसऱ्यासारखं नाही. बऱ्याच पेशी विभागण्याच्या अवस्थेत. बाहेरचं अस्तर नाहीसं झालेलं, आणि पेशी एकेक करून चरबीत शिरलेल्या. इथून त्या रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत गेल्या की दुसऱ्या अवयवात जाऊन वाढतात. साधी गाठ तसं करत नाही. ती कितीही मोठी झाली तरी जागेवरच वाढते.

पुढे या गाठीचा कॅन्सर होईल का, असं मी विचारलं. या प्रकारात ते फार क्वचित होतं, पण नवी गाठ लागली तर ती जुन्यासारखीच असेल असं धरून बसू नका, असं त्यांनी मुलीलाच समोर बसवून सांगितलं. मला ते फार आवडलं.

उणिवा आहेतच. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दुपारी फोन उचलत नाहीत. रिपोर्ट फक्त इंग्रजीत मिळतो. निदान शेवटची ओळ तरी मराठीत द्यावी, ही माझी मनापासून विनंती.

निघताना मी स्लाइड मागितल्या. सही घेऊन दोन काचा प्लास्टिकच्या डबीत दिल्या. गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आमच्याकडे राहील, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर कळवा, म्हणाले. डबी मुलीच्या फाइलमध्ये ठेवली आहे.