कंपनीचा मुदतीचा करार की ठेकेदाराचं लेटर?

चाकण-रांजणगावकडे एकाच मशीनवर दोघं उभे असतात. एकाचं लेटर कंपनीचं, ठरावीक मुदतीचं, दुसऱ्याचं ठेकेदाराचं. ठेकेदार हजारभर रुपये जास्त देतो म्हटलं की बरेच जण तिकडे वळतात. माझा कल मात्र कंपनीच्या थेट कराराकडे आहे.

कारण एकच: रुजू होण्याची तारीख. वर्ष-दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो. माणूस तोच, मशीन तेच, पण गेटपास नवा आणि कागदावर नोकरी आजपासून सुरू. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशासाठी, लागणारी पाच वर्षं मग भरतच नाहीत. जुना ठेकेदार पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीखही भरत नाही आणि रक्कम जुन्या खात्यातच अडकते. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख पीएफच्या पोर्टलवर आपली आपल्याला भरता येते, पण हे सांगतो कोण?

थेट करारात हा घोळ बराच कमी. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू आहेत. मुदतीच्या करारावर एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. बेसिक आणि डीए मिळून 18,000 असतील तर 18,000 × 15 ÷ 26 (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार), म्हणजे वर्षाला साधारण 10,385 रुपये. शिवाय तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा पगार, भत्ते कमी देता येत नाहीत.

खोच आहे ती अकरा महिन्यांच्या करारात. वर्ष भरत नाही, मग ग्रॅच्युइटी कसली? सही करण्याआधी शेवटची तारीख बोटांवर मोजा. आणि मुदत संपल्यावर करार पुढे वाढवला नाही तर कायदा त्याला कामगारकपात मानत नाही, त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नाही. हे दुखणं खरं आहे, नाकारत नाही.

ठेकेदाराच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: त्याने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. मात्र मागायचा तर लेखी अर्जासोबत पगाराची स्लिप आणि हजेरीची नोंद हाताशी असलेली बरी. ठेकेदाराकडे स्लिप मिळणं हेच मोठं काम.

चार-सहा महिनेच काढायचे असतील तर ठेकेदारही चालून जाईल. फक्त दर महिन्याच्या पंधरा तारखेनंतर पीएफचं पासबुक उघडून मागच्या महिन्याचा हप्ता पडला का ते बघा, आणि पडला नसेल तर त्याच आठवड्यात विचारा.