थारचा लॉकर म्हणून माझाच डिफरन्शियल मला विकला

मुरबाडकडे आमची छोटी रोपवाटिका आहे. तिथून झाडं, लाल माती, शेणखत भरायचं आणि ऐरोली, घणसोली, घोडबंदरच्या सोसायट्यांत उतरवायचं, हा माझा धंदा. गाडी बोलेरो पिकअप, साधी टू-व्हील ड्राइव्ह. पावसाळ्यात रिकामी गाडी शेतात शिरली की मागचं डावं चाक जागच्या जागी गरगरतं आणि उजवं ढिम्म हलत नाही. साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीचा, तो स्वभावच. दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चिखलात सुटलं की दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे काहीच नाही. गेल्या जुलैत ट्रॅक्टरवाल्याला तिसऱ्यांदा पाचशे रुपये मोजले आणि मागे लॉकर, म्हणजे गरजेला दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शियल, बसवायचाच असं ठरवलं.

बटण दाबून लागणाऱ्या एअर लॉकरचा भाव कंप्रेसरसकट लाखाच्या वर सांगितला. ते आपलं काम नाही. मग कळंबोलीच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "दादा, स्क्रॅपमधल्या थारचा ओरिजिनल लॉकर आहे. फिटिंगसकट सव्वीस हजार." थारला २०१५ च्या मॉडेलपासून मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल यायचा, हे मला माहीत होतं. त्यामुळे गोष्ट पटली. त्याने टेबलावर एक जड, तेलकट केज ठेवली, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर ज्यात बसतात ती लोखंडी पेटी. मी ती हातात घेतली, फोटोही काढला. ती माझ्या एक्सलला बसते का, एक्सलच्या टोकावरचे स्प्लाइनचे दात जुळतात का, हे विचारायचं डोक्यातही आलं नाही. सव्वीस हजार हा आकडाच एवढा गोड वाटला होता. गाडी रात्रभर तिथेच ठेवून मी लोकलने कळव्याला आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली. कागदावर लिहिलं होतं, "डिफ. काम, जुना माल, गॅरंटी नाही." काढलेला जुना माल कुठे, असं विचारलं तर म्हणाला, भंगारात गेला. इथेच मी थांबायला हवं होतं.

चिखलात गाडी मस्त निघाली, खोटं कशाला बोलू. बायकोला कौतुकाने व्हिडिओ पाठवला. पण ऐरोलीच्या एका सोसायटीत गेटमधून वळताना मागून कर्रर्र आवाज आला आणि गाडी उड्या मारल्यासारखी सरकली. वॉचमन खाली वाकून बघायला लागला. गॅरेजवाल्याला फोन केला. "लॉकर बसवला की आवाज येतोच, दादा. सवय होईल." यात अर्धं खरं आहे, काही ऑटोमॅटिक लॉकर वळणावर खरंच टकटक करतात. त्या अर्ध्या खऱ्यावर मी दोन महिने काढले. मागचे टायर नवे होते, त्यांची नक्षी बघता बघता घासली. शेवटी गायमुखच्या घाटात पावसात स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ डिव्हायडरकडे निघाली. वेग कमी होता म्हणून वाचलो.

वागळे इस्टेटमधले आमचे जुने मिस्त्री आहेत. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा एक्सल जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले, हँडब्रेक सोडला आणि बंद गाडी गिअरमध्ये टाकली. मला म्हणाले, "आता एक चाक हाताने फिरव." मी जोर लावला. चाक हलेचना. मग गाडी न्यूट्रलला घेतली, तेव्हा एका चाकाबरोबर दुसरंही त्याच दिशेला फिरलं.

"हा थारचा लॉकर नाही," मिस्त्री म्हणाले. खरा मेकॅनिकल लॉकर हाताने सावकाश फिरवला तर साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो. गाडी गिअरमध्ये असताना एक चाक पुढे फिरवलं तर दुसरं मागे फिरतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की मगच तो लागतो, आणि रस्त्यावर वेग घेतला की लागतच नाही. म्हणून वळणावर तो बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापू देतो. माझ्या गाडीत तेच होत नव्हतं.

मग तेल सोडलं. काळ्या तेलात चंदेरी कीस आणि ज्वारीच्या दाण्याएवढे वेल्डिंगचे मणी. कव्हर काढलं तर आत चारही गिअर वेल्डिंगने एकमेकांना चिकटवलेले, जाड, वेडेवाकडे थर. मिस्त्रींनी केजवर बोट फिरवलं आणि हसायलाच लागले. कडेला पंचने मारलेले दोन ठिपके होते. दोन वर्षांपूर्वी बेअरिंग बदलताना त्यांनी स्वतःच मारलेले. म्हणजे टेबलावरची केज नुसती दाखवण्यापुरती होती. गाडीत माझाच माल परत आला, फक्त वेल्डिंगच्या दोन-चार कांड्या खर्चून. भंगारातही काही गेलं नव्हतं.

वेल्डिंगच्या उष्णतेने बेअरिंगही गेलं होतं. केजच्या आतले सेकंडहँड स्टार गिअर, बेअरिंग, तेल आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार गेले, टायर वेगळे. लॉकरचा नाद सध्या सोडलाय. हौद्यात दोन जाड फळ्या, एक दोरखंड आणि रिकाम्या फेरीला मातीची चार पोती असतात. तेवढ्यावर हा पावसाळा बऱ्यापैकी निघाला.

जुना लॉकर घेणारच असाल तर गाडी सोडण्याआधी केजचा फोटो नंबरासकट घ्या, त्यावर आपली खूण करा, काढलेला माल गोणीत भरून मागा. आणि पैसे देण्याआधी, गाडी जॅकवर असतानाच, ते चाक स्वतः फिरवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

गॅरेजवाला आता म्हणतो, बिलावर लॉकर हा शब्दच कुठे आहे? खरंय, नाहीये. अर्धे पैसे रोख दिले, तेही माझंच शहाणपण. पण उरलेल्या तेरा हजारांची यूपीआयची नोंद आहे, टेबलावरच्या केजचा फोटो आहे, फोनवरचं "सवय होईल" रेकॉर्ड झालंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. त्यातून काही निघालं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. वेल्ड केलेलं ते गाठोडं गोणपाटात गुंडाळून सीटमागे ठेवलंय. बायको म्हणते, गाडीत नको ते. पण घरात ठेवायलाही तिची तयारी नाही.