केवायएसई की ओई? अन्ननलिकेच्या कर्करोगाची सेल लाइन निवडताना

सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या एका मूळच्या पेशी, मागवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: प्रश्न स्क्वॅमस कार्सिनोमाचा आहे की ॲडेनोकार्सिनोमाचा? अवयव एकच, आजार दोन. पहिला अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या पेशींतून होतो आणि त्याचं नातं तंबाखू-दारूशी आहे. दुसरा बहुधा खालच्या टोकाला, वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लाने बदललेल्या बॅरेट अस्तरातून होतो. एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नये.

स्क्वॅमससाठी मी केवायएसई मालिका निवडेन. जपानी रुग्णांच्या गाठींपासून तयार झालेल्या या मालिकेत निवडीला वाव आहे. केवायएसई-३० उपचारांआधी काढलेल्या गाठीतली. केवायएसई-१५० मात्र रेडिओथेरपी झालेल्या रुग्णेची. किरणांना पेशी कशी दाद देतात हे तपासायचं असेल, तर दोन्ही शेजारी वाढवा. नुसती १५० घेतलीत, तर आधीच किरण सोसलेल्या पेशींवरून अंदाज बांधाल.

ॲडेनोकार्सिनोमाकडे पर्याय थोडे. ओई३३ बॅरेट अस्तरातल्या गाठीची, ओई१९ अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथली. दोन्हींत पेशींची वाढ चेतवणाऱ्या एचईआर२ जनुकाच्या जादा प्रती आहेत, म्हणून एचईआर२लाच लक्ष्य करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाच्या प्रयोगांना त्या सोयीच्या. पण या दोघींवरच थांबू नका. ज्यात या जादा प्रती नाहीत ती फ्लो-१ ही लाइनही सोबत हवीच.

ओळखीची भानगड इथे फार गंभीर आहे. एसईजी-१, बीआयसी-१ आणि एसके-जीटी-५ या लाइन वर्षानुवर्षं अन्ननलिकेच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या म्हणून वापरल्या गेल्या. २०१० साली उघड झालं, की त्या अनुक्रमे फुप्फुस, मोठं आतडं आणि जठराच्या कर्करोगाच्या आहेत. तोवर त्यांच्यावर १००हून अधिक शोधनिबंध आणि ११ अमेरिकी पेटंट उभे होते. रुग्णांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या. त्या रुग्णांचा विचार आला की मला आजही अस्वस्थ वाटतं. टीई-७ ॲडेनो समजली जायची, ती स्क्वॅमस निघाली. ईसीए-१०९ तर हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लाइन निघाली. तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेली कुपी थेट वापरू नका. मान्यताप्राप्त पेशीसंग्रहातून मागवा, आल्याबरोबर एसटीआर प्रोफाइल (लाइनची ओळख पटवणारा डीएनएचा ठसा) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून राहणारे जिवाणू) तपासा, सुरुवातीच्या पॅसेजच्या, म्हणजे फार वेळा नव्या भांड्यात न हलवलेल्या पेशींच्या, कुप्या गोठवून ठेवा.

तुलनेसाठी ‘निरोगी’ नियंत्रण म्हणून अन्ननलिकेच्या पेशींची हेट-१ए ही लाइन सर्रास घेतली जाते. ती एसव्ही४० विषाणूच्या टी-अँटिजेन या प्रथिनाने अमर (न थांबता विभागत राहणारी) केलेली आहे, आणि ते प्रथिन गाठी रोखणाऱ्या पी५३ला निकामी करतं. पी५३ हाच तुमचा विषय असेल, तर हेट-१ए बाजूला ठेवा.