दोन वेळचं जेवण, थोडं थोडं खाणं की घरचंच ताट बदलणं? शुगर, थायरॉईड, गुडघे असताना वजन उतरवायचं तर

खानापूरच्या माझ्या धाकट्या जावेचा परवा फोन आला. "अक्का, डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. दोनच वेळा जेवू, की थोडं थोडं सारखं खाऊ? इथं प्रत्येक जण वेगळंच सांगतंय." तिला शुगरची गोळी चालू आहे, बीपी आहे, वजन ७८. फोनवर सांगता सांगता लक्षात आलं की हाच प्रश्न कितीतरी घरांत आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

मी बेळगावात वडगावला राहते. थायरॉईड, बीपी आणि दुखरे गुडघे घेऊनच चौदा महिन्यांत ८४ वरून ७३ वर आले. निपाणीच्या आमच्या अण्णांना शुगर आहे, त्यांनी वेगळा रस्ता धरला. शेजारच्या वैनींनी तिसरा. तिन्ही तऱ्हा जवळून बघितल्यावर माझं मत असं झालंय की कुठला आहार चांगला हे विचारायच्या आधी आपली गोळी कुठली आणि ती कधी घ्यायची हे बघावं. आजार असलेल्या माणसाचं जेवणाचं वेळापत्रक गोळीला धरूनच बसवावं लागतं.

किती उतरवायचं याची धास्ती नको. ८० किलोच्या माणसाचे चार किलो गेले तरी शुगर आणि बीपीत फरक दिसायला लागतो. शुगर अजून काठावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं किंवा तसाच व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गुडघ्याचं गणित तर याहून सोपं आहे. अंगावरचा एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

दोन वेळचं जेवण

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवलेली ही पद्धत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत आटपायचं, मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. खर्च शून्य, मोजामाप नाही, वेगळा स्वयंपाक नाही.

याचा मोठा फायदा मला दिसतो तो चहाचा. आमच्या वडगावात मागाचा खडखडाट जसा दिवसभर, तसा चहाही दिवसभर. पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. तेवढ्यातच दीडशे ते दोनशे कॅलरी जातात, बरोबरचे टोस्ट आणि खारी वेगळीच. मधलं खाणं बंद केलं की हे सगळं आपोआप बंद होतं.

पण शुगरची गोळी असेल तर थांबा. अण्णांनी कुणालाच न विचारता सुरू केलं. सकाळी आठला नेहमीची ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण ढकललं बारावर. अकराच्या सुमारास उसाला पाणी सोडताना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. पुतण्यानं मशीनवर बघितलं तर शुगर ५८. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याचीच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. चूक पद्धतीची नव्हती, गोळी तीच ठेवून जेवण हलवलं ही होती. पुढं डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, वेळ बदलून दिली, आणि आज अण्णा दोन वेळाच जेवतात. सहा किलो उतरले, तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ वरून ७.१ झाली.

म्हणून सांगते, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस बदलून घेतल्याशिवाय एकही जेवण सोडू नका. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारूनच करावं. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर अशी घसरणं क्वचितच होतं, आणि थायरॉईडची गोळी तर सकाळी रिकाम्या पोटीच असते, तिच्याशी ही पद्धत उत्तम जुळते. गरोदरपणात मात्र नकोच.

थोडं थोडं, वरचेवर

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं सांगणं बरोबर उलट बाजूनं येतं. आपल्या मातीतलं, हंगामातलं खा, तुपाला भिऊ नका, फार वेळ उपाशी राहू नका. ज्यांना पित्त होतं किंवा जेवण लांबलं की शुगर घसरते, त्यांना हे मानवतं. शेजारच्या वैनींना पित्ताचा जुना त्रास, त्यांना दोन वेळचं जमलं नाही, यात पोट शांत राहिलं.

अडचण येते ती घरात. मधल्या वेळचं म्हणजे मूठभर शेंगदाणे, एखादं केळं, एवढंच अपेक्षित असतं. आपल्या डब्यात असतं काय? चिरमुऱ्याचं भडंग, चिवडा, सणासुदीला कुंदा आणि करदंट ही आपल्याकडची मिठाई. वैनींचं वजन पहिले दोन महिने हललंच नाही, कारण भडंगाची वाटी कधी ताटली व्हायची हे त्यांनाच कळायचं नाही. पुठाणे (भाजलेले हरभरे) आणि ताक एवढंच मधल्या वेळी ठेवल्यावर काटा खाली सरकायला लागला.

थायरॉईडवाल्यांनी एक सांभाळायचं. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. उठल्या उठल्या काही खायची सवय यात बसत नाही.

घरचंच ताट बदलणं

हा माझा रस्ता, आणि बहुतेकांना मी हाच सुचवीन. जेवणं तीनच, वेळा ठरलेल्या. त्यामुळे गोळ्यांचं वेळापत्रक फारसं हलत नाही. तरी शुगरची गोळी असलेल्यांनी भात-भाकरी कमी करताना मशीनवर लक्ष ठेवावं आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं.

सुरुवातीला मला एका दवाखान्यातून छापील तक्ता मिळाला होता. ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद, ऑलिव्ह तेल. त्यातलं एकही आमच्या स्वयंपाकघरात नव्हतं आणि कागद इंग्रजीत, सासूबाईंना वाचता येईना. आजारी माणसाच्या हातात असा कागद देऊन काय उपयोग, याचा मला आजही राग येतो. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसून मी तो मराठीत परत लिहून घेतला. ओट्सच्या जागी नाचणीची आंबील, ब्रेडच्या जागी भाकरी, सफरचंदाच्या जागी पेरू. त्या बाईंनी आनंदानं मान डोलावली. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

ताटाचं अर्धं अंग भाजी आणि कच्चं: मेथी, मुळ्याचा पाला, काकडी, कांदा. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी खायची आपल्याकडची जुनी रीत आहेच. पाव भाग उसळ, डाळ, अंडं किंवा मासा. उरलेला पाव भाग भाकरी किंवा भात.

इथं एक गैरसमज काढते. भाकरी खाल्ली म्हणून वजन उतरत नाही. साठ-सत्तर ग्रॅम पिठाची भाकरी सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास जाते, दीडशे ग्रॅम शिजलेला भात दोनशेच्या. फरक आहे तो चोथ्याचा. शंभर ग्रॅम जोंधळ्यात तो दहा ग्रॅमच्या घरात, पांढऱ्या तांदळात तीनच्याही खाली. भाकरी चावावी लागते, पोटात टिकते, म्हणून दुसरी मागावीशी वाटत नाही. अथणी, सौंदत्तीकडच्या माणसाला हे सोपं आहे. खानापूरकडं भाताशिवाय जेवण झालं असं वाटत नाही, तिथं भात सोडा म्हणणं चुकीचं. वाटीनं मोजून घ्या, आधी उसळ आणि भाजी खा, भात शेवटी.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तेलाचा. आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम. तीन लिटरवर आणलं, माणशी २३ ग्रॅम झालं. म्हणजे रोजच्या १३५ कॅलरी गेल्या, आणि फोडणीत बदल केला एवढंच; घरच्यांना महिनाभर कळलंही नाही. कढईत थेट बाटली ओतायची नाही, चमच्यानं घालायचं. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर बाजूला काढून ठेवते, ते संपलं की संपलं.

बीपीवाल्यांनी मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे सपाट एक चमचा, लोणचं, पापड, ठेचा धरून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी, अंडी किंवा प्रोटीन पावडर स्वतःच्या मनानं वाढवू नका. जेवणाऐवजी प्यायच्या पावडरींबद्दल तर एवढंच सांगेन की डबा बंद केला की वजन परत येतं आणि पैसे बरेच जातात.

थायरॉईडमुळेच सगळं वजन वाढलं, असं मीही धरून बसले होते. त्यामुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंचं असतं, त्यातही बराचसा भाग पाणी आणि क्षाराचा. गोळी बरोबर बसल्यावर तेवढंच उतरतं. बाकीचं माझ्या ताटातलं होतं.

चालणं

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी झाडांखाली सपाट जमिनीवर चालता येतं, दुखऱ्या गुडघ्यांना ते चांगलं. राजहंसगड चढायची हौस नंतर. उतरताना गुडघ्यावर जास्त जोर येतो. एकदम ४५ मिनिटं नाही जमली तर प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला, जेवणानंतर चढणारी शुगर त्यानं आटोक्यात राहते. खानापूरला जून ते सप्टेंबर बाहेर पडणं मुश्कील. तेव्हा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, आणि बसून एकेक पाय सरळ ताणून पाच आकडे मोजायचे. मांडीचा स्नायू भरला की गुडघा सावरतो.

जावेला मी ताट बदलायलाच सांगितलं. तिची गोळी ग्लिमेपिराइडची निघाली, म्हणून दोन वेळचा विचार तूर्त बाजूला. सोमवारी ती डॉक्टरांकडं जाणार आहे, चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिलेत: वजन उतरलं की शुगर आणि बीपीचा डोस कधी कमी करायचा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती आहे, गुडघ्याला कुठला व्यायाम चालेल. पिशवीत साखरेची पुडी ठेवली का, हे काल परत विचारलं. ठेवली आहे म्हणाली.