ग्रिझलीच्या रानात सिंगल-ॲक्शन: .३५७ की .४४?

अमेरिकेतल्या मोंटाना-वायोमिंगच्या डोंगरांत पाठीवर सामान घेऊन चार-पाच दिवस चालायचं, आणि ग्रिझली या मोठ्या अस्वलापासून बचावाला सोबत सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरच हवं, असं ठरलं की गाडी बहुधा रूगर कंपनीच्या दोन मॉडेलांवर येते: .३५७ मॅग्नम काडतुसाचं ब्लॅकहॉक आणि त्याहून जाड, जोरदार .४४ मॅग्नम काडतुसाचं सुपर ब्लॅकहॉक. दोन्हींत प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा चढवावा लागतो.

त्याआधी कायद्याचं. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकी संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेता येतं.

ग्रिझलीचा भाग असेल तर आम्ही .४४ कडे झुकतो. अंगावर येणाऱ्या जनावराला थांबवायला गोळी हाड फोडून खोल जावी लागते. २४० ते ३०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची, कडक शिशाची, चपट्या नाकाची गोळी ते करते. पोकळ टोकाची गोळी आत जाताच फुलते आणि वरच्या वर अडते. ती इथे नको. फक्त काळी अस्वलं असलेल्या रानात १८० ग्रेनच्या कडक गोळीचं .३५७ पुरतं. त्याचा धक्का कमी, त्यामुळे दुसरी गोळी लवकर आणि नेमावर जाते. .४४ चा धक्का सोसत नसेल, पहिल्या बारानंतर डोळे मिटत असतील, तर ग्रिझलीच्या रानातही .३५७ च घ्या.

वजनावरून निवड करू नका. आखूड, ४⅝ इंची नळीचं सुपर ब्लॅकहॉक साधारण सव्वा किलो भरतं, .३५७ थोडंसंच हलकं. साडेसात इंची नळी मात्र टाळा, म्यानातून निघता निघत नाही. शिवाय त्या मॉडेलच्या चौकोनी चापकड्याचा मागचा कोपरा मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो.

जड काडतुसांत नेहमी दोन बिघाड होतात. धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावते आणि सिलिंडर अडकतो. पाच गोळ्या झाडा, सहाव्या काडतुसाची लांबी आधी आणि नंतर कॅलिपरने मोजा; वाढली तर तो माल बदला. दुसरं, नळीखालच्या इजेक्टरच्या (झाडलेली काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) घराचा स्क्रू ढिला होतो. साफसफाईच्या वेळी तो तपासा, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून ठेवा.

सरावाला .४४ मध्ये .४४ स्पेशल आणि .३५७ मध्ये .३८ स्पेशल चालतं. ही काडतुसं आखूड असल्याने सिलिंडरच्या खोबणीत काजळीचं कडं साचतं आणि नंतर मॅग्नम काडतूस पूर्ण बसत नाही. रानात निघण्याआधी ब्रशने ते खरवडून काढा.

वापरलेलं मॉडेल स्वस्तात मिळालं तर ते १९७३ च्या आधीचं नाही ना, ते पाहा. त्यानंतरच्या 'न्यू मॉडेल'मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) असल्याने सहाही काडतुसं भरून चालता येतं. जुन्यात, आणि १८७३ च्या कोल्टच्या घाटाच्या बहुतेक प्रतिकृतींत, पाचच भरून घोडा रिकाम्या खोबणीवर ठेवायचा. नाहीतर घोड्यावर दगड आपटला तरी गोळी सुटू शकते.

कंबरेचं म्यान सॅकच्या पट्ट्याखाली दबतं, म्हणून छातीवरचं घ्या. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) लावा आणि आधी हात तिकडे जाऊ द्या. अस्वल ९ ते १८ मीटरवर आलं की किंचित खाली रोखून फवारायचा. त्याचा ढग पसरतो, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चालतं.