मंद स्पंदांचे रेडिओ स्रोत: मॅग्नेटार धरावा की श्वेत बटूची जोडी?

कित्येक मिनिटांच्या किंवा तासांच्या अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या स्रोतांवर पदव्युत्तर प्रकल्प करण्यासाठी जे विद्यार्थी माझ्याकडे येतात, त्यांनी या स्रोतांची यादी बहुधा आधीच वाचलेली असते. अडते ते त्यापुढे. स्रोताच्या जागी मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा), आहे असे धरून गणिते मांडायची, की श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत चाललेला गाभा) आणि लाल बटू (लहान, मंद तेजाचा तारा) यांची जोडी आहे असे धरायचे, हे पहिल्या पंधरवड्यातच ठरवावे लागते, कारण पुढचे सगळे काम त्या गृहीतावर उभे राहते. हा निर्णय मी एकदा एका बाजूने घेतला आणि दीड वर्षाने बदलला. तो का बदलला, ते येथे मांडतो आहे.

२०२२ च्या जानेवारीत ग्लीम-एक्स जे१६२७ या स्रोताची बातमी आली, तेव्हा मी मॅग्नेटारच्या बाजूने होतो, आणि त्या वेळी ते चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड ॲरे या रेडिओ दुर्बिणीच्या २०१८ मधील नोंदींत सापडलेला हा स्रोत दर १८.१८ मिनिटांनी अर्धा ते एक मिनिट तळपत होता. त्याच्या लहरींचे रेषीय ध्रुवीभवन (एकाच दिशेत कंप पावण्याचे प्रमाण) ९० टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे उगमस्थानी अतिशय सुसूत्र चुंबकीय क्षेत्र असणार हे उघड होते. तीन महिने दिसून तो गप्प झाला, आणि मधूनच जागे होणे व पुन्हा शांत होणे हा तर मॅग्नेटारचा ओळखीचा स्वभाव आहे. बहुतेक ज्ञात मॅग्नेटार दोन ते बारा सेकंदांत एक फेरी घेतात, मग हा एवढा मंद कसा, ही शंका होतीच. परंतु आरसीडब्ल्यू १०३ या अतिनवताऱ्याच्या (स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या) अवशेषातील, ६.६७ तासांच्या आवर्तकालाचा आणि २०१६ मध्ये मॅग्नेटारसारखा उद्रेक करणारा क्ष-किरण स्रोत डोळ्यांसमोर असल्याने ती शंका बाजूला ठेवता येत होती.

माझे मत पालटले ते २०२३ च्या जुलैत जाहीर झालेल्या जीपीएम जे१८३९-१० या स्रोतामुळे. त्याचा आवर्तकाल १,३१८ सेकंद, म्हणजे सुमारे २२ मिनिटे आहे. संशोधकांनी जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे आणि नारायणगावजवळच्या खोडदची आपली जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या संग्रहांतही त्याचे स्पंद आढळले, आणि सर्वांत जुना स्पंद निघाला १९८८ मधला. तीन दशकांहून अधिक काळ वेळ सांभाळणारा हा स्रोत मंदावतो किती, तर आवर्तकालातील वाढ जास्तीत जास्त सेकंदामागे ३.६ गुणिले १० चा उणे १३ वा घात एवढीच. त्या दिवशी मी विद्यार्थ्यांसाठी पल्सारांचा (फिरताना नियमित रेडिओ स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा) नेहमीचा आलेख, आडव्या अक्षावर आवर्तकाल आणि उभ्या अक्षावर त्यातील वाढ असा, लॉग ग्राफपेपरवर हाताने काढत होतो. या स्रोताचा बिंदू कागदावर मावेना, म्हणून उजवीकडे दुसरा कागद चिकटवला. तिथे बिंदू मांडला, पहिल्या कागदावरची मृत्युरेषा (जिच्या खाली पल्सारचे रेडिओ स्पंद थांबतात असे मानतात ती रेषा) पट्टी लावून पुढे वाढवली, तर बिंदू तिच्या बराच खाली राहिला. वाढीचा आकडा ही केवळ कमाल मर्यादा असल्याने बिंदूखाली अधोमुख बाण काढावा लागतो; म्हणजे मोजमाप जितके सुधारेल तितका बिंदू आणखी खालीच जाणार.

मग शेजारी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. न्यूट्रॉन ताऱ्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्यातील बदलाला होणारा विरोध) नेहमीप्रमाणे १० चा ४५ वा घात ग्रॅम-चौरस सेंटिमीटर धरला, तर मंदावण्यातून सेकंदाला साधारण १० चा २५ वा घात अर्ग (ऊर्जेचे एकक) देखील पुरते मिळत नाहीत, आणि नुसते रेडिओ स्पंदच १० च्या २८ व्या घाताच्या घरातले. जमेपेक्षा खर्च हजार पटींहून अधिक. ही तूट चुंबकीय क्षेत्राच्या साठ्यातून भरून निघते असे म्हणता येते. परंतु एवढा साठा खर्च करणारा मॅग्नेटार सहसा क्ष-किरणांत दिसतो, आणि या स्रोताकडून क्ष-किरण मिळालेच नाहीत. ग्लीम-एक्स जे१६२७ कडे ‘चंद्रा’ ही अवकाशातील क्ष-किरण वेधशाळा रोखली तेव्हाही काही हाती लागले नव्हते. तारा जुना आणि थंड झाला आहे, असे म्हणावे, तर मग तीस वर्षे अखंड पुरणारा साठा त्याच्यात कसा उरला, हे सांगावे लागते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळते, मात्र दर वेळी वेगळे, आणि आधीच्या उत्तराला अडचणीत आणणारे. वर्गात हे तीनदा समजावून सांगितल्यावर मला ते मनापासून खटकू लागले. बाकीचे मुद्दे दोन्ही बाजूंनी ओढता येतात. माझ्यापुरते पारडे या एका जमाखर्चाने झुकवले.

त्याच गणितात न्यूट्रॉन ताऱ्याच्या जागी श्वेत बटू ठेवून पाहावा. आवर्तकाल तोच, वाढ तीच, पण पृथ्वीच्या आकाराच्या या ताऱ्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया १० च्या ५० व्या घाताच्या आसपास असतो. जमेची बाजू एकदम लाख पटींनी वाढते आणि तूट उरत नाही. शिवाय लाल बटूसारखा जोडीदार जवळ असेल तर भारित कणांचा पुरवठाही घरातूनच होतो. वृश्चिक राशीतील एआर स्कॉर्पी ही अशीच जोडी २०१६ पासून परिचित आहे. तिच्यातील श्वेत बटू दोन मिनिटांच्या आत फेरी घेतो आणि साडेतीन तासांच्या कक्षेतील लाल बटूवर त्याचे चुंबकीय क्षेत्र आदळत राहते. तिचे रेडिओ तेज या नव्या स्रोतांच्या मानाने फार कमी आहे, हे मात्र मान्य करायला हवे.

त्यानंतरच्या निरीक्षणांनी माझा कल पक्का केला. लोफार या युरोपीय रेडिओ दुर्बिणीने टिपलेला सप्तर्षीच्या दिशेचा आयएलटी जे११०१+५५२१ दर १२५.५ मिनिटांनी स्पंद देतो, आणि मोठ्या दुर्बिणींनी वर्णपट घेतल्यावर तिथे लाल बटू मागेपुढे हलताना दिसला, तोही त्याच १२५.५ मिनिटांच्या कक्षेत. ग्लीम-एक्स जे०७०४-३७ चा आवर्तकाल २.९ तासांचा आहे आणि त्याच्याही जागी लाल बटू सापडला. ज्या जीपीएम जे१८३९-१० ने माझा आलेख बिघडवला, त्याच्याही स्पंदांच्या येण्या-न येण्यात सुमारे पावणेनऊ तासांची कक्षा असल्याचे विश्लेषण आता पुढे आले आहे.

तरीही मॅग्नेटारची बाजू सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही. ४४ मिनिटांच्या ॲस्कॅप जे१८३२-०९११ कडून २०२४ च्या फेब्रुवारीत क्ष-किरण मिळाले, तेही त्याच तालात, आणि काही महिन्यांत रेडिओबरोबर तेही क्षीण झाले. त्याच्या संशोधकांनी दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आहेत. ६.४५ तासांच्या ॲस्कॅप जे१८३९-०७५६ मध्ये दोन मुख्य स्पंदांच्या मध्यावर दुसरा लहान स्पंद दिसतो, जणू दोन्ही ध्रुव आळीपाळीने आपल्याकडे वळतात, आणि ते फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला अधिक शोभते. आकाशगंगेच्या प्रतलातल्या धुळीमागे लाल बटू लपणे सहज शक्य असल्याने, जोडीदार न दिसणे हा कोणत्याच बाजूचा पुरावा होत नाही.

म्हणून प्रकल्प निवडणाऱ्याला माझे सांगणे असे की, आवर्तकाल तासांच्या घरात असेल आणि स्रोत प्रतलापासून दूर असेल, तर श्वेत बटूची जोडी धरून कक्षेचे गणित आधी करावे. आवर्तकाल मिनिटांचा असेल तर स्पंदांच्या हजेरी-गैरहजेरीत एखादा लांब ताल दडला आहे का, हे प्रथम शोधावे. ६.४५ तासांचाच स्रोत घ्यायचा असेल तर मात्र न्यूट्रॉन तारा धरून निघावे. तो चिकटवलेला कागद मी जपून ठेवला आहे; नवा विद्यार्थी आला की आधी त्यावर त्याच्या स्रोताचा बिंदू मांडायला लावतो, आणि जमाखर्चाचे दोन्ही रकाने त्यालाच भरू देतो.